उसन्या गाड्या

आमच्या एल्मरोडेच्या छावणीत दुसऱ्या कंपनीच्या आईला मिशा आहेत. पोट आहे, गुडघेदुखी आहे आणि खांद्यावरून छातीच्या खिशापर्यंत आलेली एक पिवळी दोरी आहे. ती दोरी दिसली की समजायचं, हा कंपनी सार्जंट. पोरांच्या रजा, बूट, ताप, प्रेमभंग, घरची भांडणं, सगळं याच्या पदरात. म्हणून आमच्या सैन्यात या माणसाला कंपनीची आई म्हणतात, आणि हाक मारतानाही कुणाला त्यात चेष्टा वाटत नाही. आमचा हार्टमुट टीडेमान मात्र हे आईपण जरा जास्तच मनावर घेतो. एखाद्या पोराच्या मोज्याला भोक दिसलं तर याचंच नाक कापलं गेल्यासारखा चेहरा होतो.

मी गेसीने. छावणीतली कँटीन मी चालवते, माझ्याआधी सासू चालवायची. सैनिक परेडवर कसे दिसतात ते मला फारसं माहीत नाही, पण कॉफीचा कप हातात आल्यावर खरं काय बोलतात ते मला कळतं. टीडेमान रोज सकाळी परेडआधी येतो, कच्च्या खिम्याचा आणि कांद्याचा पाव खातो, आणि बायको काय म्हणाली, गुडघा काय म्हणाला आणि कंपनीत काय फाटलंय, याच क्रमाने सांगतो.

त्या शरदात फाटलेलं एकच होतं. वायरलेस.

चिलखती गाड्यांमधले वायरलेस संच टीडेमान पोरगा होता तेव्हाचे. अर्धे मुके, अर्धे नुसतेच खरखरणारे. सरावाला पोरं आपापले मोबाइल घेऊन जायची आणि एकमेकांना फोन करून युद्ध खेळायची. माळावर रेंज नसेल तिथे तेही बंद. आणि ऑक्टोबरात धुक्याच्या एका सकाळी व्हायचं ते होता होता राहिलं. वीब्के ओल्टमान्स नावाची कॉर्पोरल, आमच्या कँटीनमधला सगळा बटरकेक एकटी संपवणारी, आपल्या तुकडीबरोबर गवतात पालथी पडली होती. मागून आपलीच गाडी आली. थांब म्हणून सांगायला वायरलेस नाही, आत बसलेल्याला धुक्यात काही दिसत नाही. टीडेमान गुडघ्यासकट धावला आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढून त्या गाडीच्या पत्र्यावर बडवत सुटला. गाडी थांबली तेव्हा चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याखाली वीब्केची पाठपिशवी गेली होती. ती स्वतः बाजूला लोळली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी केक खायला आली. "आईने गाडीला चोप दिला," म्हणाली. सगळे हसले. टीडेमान हसला नाही. त्याने पाव तसाच ठेवला आणि निघून गेला.

याच कंपनीला जानेवारीत लिथुआनियाला, मित्रदेशांच्या सैन्यांबरोबर सीमा राखायला जायचं होतं. तिकडे जंगलाच्या पलीकडे कोण बसलंय ते जगाला माहीत आहे. टीडेमानला एकच घोर लागला होता. मुक्या गाड्या घेऊन ही पोरं तिकडे गेली, तर शत्रूची वाट बघायची गरज नाही, आपणच आपल्या माणसांना चिरडू. त्याने वर कळवलं. आमच्याकडे वर कळवलं की माणूस सुटतो, पुढचं दुखणं वरच्याचं. वरच्याने त्याच्या वरच्याला कळवलं. खालून 'अजिबात चालत नाही' म्हणून निघालेली गोष्ट मधल्या टेबलावर 'काही अडचणी आहेत' होते आणि राजधानीत पोचेपर्यंत 'समाधानकारक' होते. हे कुणी मुद्दाम करत नाही. प्रत्येक जण फक्त थोडा थोडा सभ्यपणा घालतो.

आणि मग कळलं, संसदेच्या बाई येणार आहेत.

संसद आमच्याकडे एक व्यक्ती नेमते. तिने वर्षभर छावण्या हिंडायच्या, बूट किती, दारूगोळा किती, माणसं किती ते बघायचं, आणि साध्यातल्या साध्या शिपायाचं गाऱ्हाणं मधला एकही साहेब न लागता ऐकायचं. सैनिकांशी बोलताना खोलीत त्यांचा वरिष्ठ नसतो, हा नियमच आहे. वर्षाअखेर ती संसदेपुढे उभी राहून सांगते, आपल्या सैन्याकडे काय आहे आणि काय नाही. या खेपेला त्या जागी हेल्मब्रेख्त बाई होत्या. आधी शाळेच्या मुख्याध्यापिका, मग खासदार. आवाज बारीक, पण मंत्र्यालाही उभं करतात असं आम्ही ऐकून होतो.

"गेसीने, बस झालं आता," टीडेमान म्हणाला. त्या दिवशी त्याने दोन पाव खाल्ले. "बाईंना गाडीत बसवतो, कानाला वायरलेस लावतो आणि म्हणतो, ऐका. काय ऐकू येतंय? काहीच नाही ना? मग लिहा."

"रुडॉर्फ साहेब लिहू देतील?"

"त्यांचा काय संबंध? बाई संसदेच्या आहेत."

लेफ्टनंट कर्नल रुडॉर्फ हे आमचे बटालियनप्रमुख. माणूस वाईट नाही, हे मला सुरुवातीलाच सांगायला हवं. वाईट माणसाचं ऐकून टीडेमान बिघडला नसता. साहेबांनी त्याला बोलावलं ते माझ्याच कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, स्वतः त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेले.

"टीडेमान, शेजारची बटालियन आठवड्यासाठी गाड्या द्यायला तयार आहे. नव्या. वायरलेससकट."

"कशाला, साहेब?"

"आपल्या गाड्या कागदावर आहेतच की. निम्म्या दुरुस्तीला, निम्म्या दुसऱ्यांनी नेल्यात. समजा त्या वेळेवर परत आल्या असत्या, तर आपलं आवार कसं दिसलं असतं? तेवढंच दाखवायचं. खोटं काही बोलायचं नाही."

"पण बाईंना खरं..."

"तुमच्या घरी पाहुणे येणार असले तर तुम्ही पसारा दाखवता की घर आवरता? तुमच्या कंपनीची लक्तरं उद्या वर्तमानपत्रात आली तर तुम्हाला चालेल? या पोरांच्या आईबापांनी वाचायचं, आमची मुलगी फुटक्या गाडीत बसते म्हणून?"

साहेबांनी नेमकी दुखरी नस धरली. पैशाने, बढतीने, धाकाने टीडेमान हलला नसता. पण कंपनी चारचौघांत फाटकी दिसणार, हे त्या आईला सोसवेना. मी कप उचलायला गेले तेव्हा तो टेबलाकडे बघत बसला होता.

"दाखवायच्या गाड्या आणि बोलायचं तोंड वेगळं असतं," तो मला म्हणाला. "बाई एकट्या भेटतील तेव्हा सांगेनच की."

"मग गाड्या आणायच्या कशाला?"

"तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. तेवढंच मी म्हणाले नाही.

शेजारच्यांच्या गाड्या आल्या. प्रत्येक गाडीच्या मागच्या दारावर त्यांच्या बटालियनचं पांढरं चिन्ह होतं. भेटीच्या सकाळी टीडेमान स्वतः रंगाचा डबा घेऊन गाड्यांमागे गुडघे टेकून बसला. दुसऱ्या कुणाला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्यांचं चिन्ह हिरव्या रंगाने झाकायचं, वर आपलं काढायचं. हवा ओलसर, रंग काही वाळेना. पोरं परेडला जाता जाता बघत होती. एरवी त्याच्याशी हटकून बोलणारी, "आई, थंडी वाजेल," म्हणणारी ती पोरं त्या दिवशी गुपचूप पुढे गेली. मी सामानाच्या गाडीतून पाव उतरवत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, मी पावांकडे.

हेल्मब्रेख्त बाई आल्या. गाड्यांभोवती फिरल्या, एका गाडीत चढून वायरलेस कानाला लावला. पलीकडून स्वच्छ आवाज आला. "छान!" म्हणाल्या. रुडॉर्फ साहेब नव्या नवऱ्यासारखे ताठ चालत होते.

मग शिपाई आणि कॉर्पोरल यांची बैठक, माझ्या कँटीनमध्ये. वरिष्ठांना बाहेर काढलं. मी कुणाची वरिष्ठ नाही, त्यामुळे कॉफीची किटली घेऊन आतच राहिले. दार लागलं. बाईंनी कोट काढला, खुर्ची उलटी फिरवून बसल्या.

"हं. आता इथे कुणी नाही. बोला. काय कमी आहे?"

चमचे वाजत होते तेही थांबले.

"हे बघा, मी प्रत्येक छावणीत हेच विचारते आणि सगळीकडे मला एवढं ऐकवतात की रडू येतं. तुमच्याकडे काहीच कमी नाही?"

सगळ्यांच्या माना वीब्केकडे वळल्या. तिला पोरांनीच आपल्या वतीने बोलायला निवडून दिलं होतं. ती उठली. मला वाटलं, आता बोलणार. पट्ट्याखाली जिची पिशवी गेली ती नाही बोलणार तर कोण?

"मॅडम," ती म्हणाली, "न्हाणीघरात बुरशी आहे."

"बुरशी."

"हो. भिंतीला. आणि इंटरनेट नीट चालत नाही. संध्याकाळी तर घरच्यांचे चेहरेच दिसत नाहीत, नुसते चौकोन."

कुणीतरी हसलं. बाईही हसल्या, त्यांच्या सहायकाने लिहून घेतलं. मग एकाने जेवणातल्या वाटाण्याच्या सुपाबद्दल सांगितलं, दुसऱ्याने गादीबद्दल. वायरलेसचा व कुणी काढला नाही. आणि मी? मी कॉफी ओतत होते. माझं तोंड कुणी बांधलं नव्हतं. माझी लाज वेगळी काढायची गरज नाही, त्याच ढिगात घाला.

त्यानंतर सार्जंट लोकांची बैठक झाली. टीडेमान बाहेर आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"सांगितलंस?"

"बाई आल्या आल्याच म्हणाल्या, 'तुमची बटालियन बघून आज पहिल्यांदा मान वर करून राजधानीत परतेन.' एवढ्या खूश होत्या, गेसीने. कसं सांगू?"

"तोंडाने."

"पत्र लिहीन. सविस्तर. ते बरं पडेल."

बाई गेल्या. गाड्याही, वरची चिन्हं पुसून, धुऊन, टाकीत डिझेल भरून, शेजाऱ्यांकडे परत गेल्या. पत्राचं मी पहिल्या आठवड्यात विचारलं, दुसऱ्या आठवड्यात विचारलं. मग तो पाव बांधून न्यायला लागला, म्हणजे बसायला नको आणि विचारायला नको.

नोव्हेंबर सरता सरता वरून दोन हुकूम आले. संसदेच्या संरक्षण समितीपुढे आमच्या बटालियनचं नाव झालं होतं. पूर्ण सज्ज. एवढी सज्ज बटालियन जानेवारीपर्यंत थांबवायची कशाला? तेव्हा दुसरी कंपनी नाताळाआधीच लिथुआनियाला निघेल, हा पहिला हुकूम. दुसरा आणखी मजेशीर. आमच्यासाठी राखून ठेवलेले नवे वायरलेस संच आता दुसऱ्या एका बटालियनला जाणार होते. त्या लोकांनी बाईंपुढे रडगाणं गायलं होतं. आमच्याकडे तर सगळं होतंच.

टीडेमान त्या दिवशी कँटीनमध्ये येऊन बसला. पाव मागितला नाही.

"आता तरी साहेबांकडे जा," मी म्हणाले.

"जाऊन आलो. ते म्हणतात, आता बोललो तर संसदेची दिशाभूल केली असं होईल. तिकडे गेल्यावर काहीतरी व्यवस्था करू म्हणाले. तिथे नॉर्वेवाले आहेत, डचवाले आहेत, कुणाचे तरी घेऊ."

"म्हणजे तिकडेही उसनेच."

तो मिशा मुठीत धरून बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या अंगावरचा गणवेश मला सैल वाटला. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. एक थोबाडीत मारून मग जवळ घ्यावं असं वाटलं.

अॅडव्हेंटची, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची, पहिली मेणबत्ती मी काउंटरवर लावली त्याच आठवड्यात, भल्या सकाळी, दार ढकलून हेल्मब्रेख्त बाई आत आल्या. बरोबर फक्त सहायक. न कळवता. हाही त्यांचा हक्कच आहे, कुठल्याही छावणीत, कधीही. फाटकावरच्या पोराने गडबडून सलाम ठोकला होता आणि रुडॉर्फ साहेब हानोव्हरला गेले होते.

"कॉफी मिळेल?" बाईंनी विचारलं. "आणि मग मला दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांच्या शेडकडे न्याल का?"

मी कॉफी दिली. फोन करून टीडेमानला सावध करावं का, हा विचार डोक्यात येऊन गेला आणि तो आला याची मला तिथल्या तिथे शरम वाटली. फोन नाही केला. बाईंना घेऊन चालत गेले.

शेडमध्ये कंपनी सामान बांधत होती. पेट्या, तंबू, हिवाळी बूट. टीडेमान मधोमध उभा राहून प्रत्येक पेटीचं झाकण स्वतः ओढून बघत होता. मागे शेड जवळजवळ रिकामं. आमच्या खऱ्या गाड्या होत्या त्या तीनचार, एकीचा पट्टा काढून ठेवलेला, बाकीच्यांवर धूळ चढलेली. बाई आत आल्या आणि सगळ्यांचे हात थांबले.

बाई शांतपणे इकडून तिकडे बघत राहिल्या. मग सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या वीब्केकडे वळल्या.

"मागच्या वेळी इथे गाड्या होत्या. कुठे गेल्या?"

वीब्केने टाचा जुळवल्या. "सरावाला, मॅडम."

"सगळ्या?"

"सगळ्या. माळावर गेल्यात."

"ड्रायव्हर तर मला इथेच दिसतायत."

"दुसरे ड्रायव्हर नेलेत, मॅडम."

मागून एक जण म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येतील." तिसरा म्हणाला, "उशीरही होईल, धुकं आहे." एकानेही एकमेकांकडे बघितलं नाही. जणू तालीम केली होती. केली नव्हती, हेच वाईट होतं.

"आणि वायरलेस? तुम्ही तिकडे जाणार आहात. वायरलेस नीट आहेत ना?"

"उत्तम आहेत, मॅडम," वीब्के म्हणाली. "एकदम स्वच्छ ऐकू येतं."

मी टीडेमानकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग मेणासारखा पांढरा पडला. ज्या पोरीला त्याने पट्ट्याखालून वाचवलं ती त्याच्यासाठी संसदेच्या तोंडावर खोटं बोलत होती, डोळ्याची पापणी न हलवता, आणि ते त्याने कधी शिकवलं हे त्याला नक्की आठवत होतं.

"बस," तो म्हणाला.

मग हातातलं झाकण सोडून पुढे आला. "बस कर, ओल्टमान्स. मॅडम, ही खोटं बोलतेय. सगळे खोटं बोलतायत. त्यांचा दोष नाही, माझ्याकडे बघून शिकलेत. त्या गाड्या आमच्या नव्हत्या. शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या. त्यांचं चिन्ह मी माझ्या हाताने झाकलं. आमचे वायरलेस मुके आहेत. ऑक्टोबरात ही पोरगी आमच्याच गाडीखाली जाणार होती. तुम्ही आलात त्या दिवशी मला हे सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही."

"का?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"कशाची?"

"फाटकं दाखवायची. आता त्याहून मोठी वाटतेय."

बाईंनी हातातले हातमोजे उगाच सरळ केले. मी त्यांच्याकडून मोठ्या खरडपट्टीची वाट बघत होते, शाळेतल्यासारखी.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "गाडीतून उतरताना दाराला हात टेकला. हातमोज्याला हिरवा रंग लागला. घरी जाईपर्यंत मी तो बघत होते."

टीडेमानने मान वर केली. "मग विचारलं का नाहीत?"

बाईंनी हातमोजे खिशात टाकले. "वर्षभर मी प्रत्येक छावणीतून रडगाणं घेऊन परत जाते. संसदेत उभी राहिले की लोक आधीच कंटाळलेले असतात. मला एक जागा हवी होती जिथे सगळं ठीक आहे. तुम्ही मला ती दाखवलीत आणि मी घेतली. समितीपुढे तुमचं नाव मीच घेतलं. परवा तुम्हाला लवकर पाठवायचा हुकूम माझ्या वाचनात आला, तेव्हापासून झोप नाही. म्हणून आले."

शेडमध्ये एवढे लोक होते, पण नजर ठेवायला कुणाला जागा सापडत नव्हती.

"हुकूम बदलणं माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या. "पण दुपारी समितीची बैठक आहे आणि तिथे मी माझं आणि तुमचं, दोन्ही सांगणार आहे. वायरलेस आल्याशिवाय ही कंपनी हलली तर ती माझ्या खुर्चीवर पाय देऊन हलेल. तुमच्यावर कारवाई होईल, टीडेमान. कदाचित ही दोरीही जाईल. ती कारवाई मी थांबवणार नाही."

"थांबवू नका, मॅडम."

त्या सहायकाला घेऊन फोन करायला बाहेर गेल्या. मी जायला हवं होतं, माझं तिथे काही काम नव्हतं. पण पाय निघेना. टीडेमान एका पेटीवर बसला, दुखरा गुडघा पुढे पसरून. पोरं घुटमळत होती, कुणी पेटीची दोरी सोडत होता, कुणी तीच पुन्हा बांधत होता.

"ओल्टमान्स, इकडे ये."

वीब्के आली.

"मी खोटं वागलो ते माझ्या मूर्खपणाने. पण तुझं काय? त्या दिवशी कँटीनमध्ये बाई विचारत होत्या. खोलीत मी नव्हतो, साहेब नव्हते, कुणी तुला खाऊन टाकणार नव्हतं. गाडी माझ्या नाही, तुझ्या अंगावर आली होती. आणि तू बुरशीचं बोललीस?"

"बोलणार होते, आई," ती म्हणाली. "शप्पथ. वाक्य पाठ केलं होतं."

"मग?"

"सकाळी तुम्ही गाडीमागे रंग देत होतात. मी परेडला जाताना तुमचा चेहरा बघितला. तुम्हाला एवढं लाजलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. मला वाटलं, मी बोलले तर तुमचं तोंड पुन्हा तसं होईल, तेही सगळ्यांसमोर. त्यापेक्षा वायरलेस नसला तरी चालेल, असं वाटलं. आम्ही सगळ्यांनीच तसं ठरवलं."

"म्हणजे मरायला निघाला होतात."

"तेवढं नाही हो," ती म्हणाली. "आम्ही धरून चाललो होतो, तुम्ही पळत येऊन गाडी थांबवाल."

तिने हे अगदी सहज सांगितलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या एकानेही ते नाकारलं नाही. टीडेमानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी एवढी वर्षं त्याला ओळखते, पण त्याला असं मिशांआड, आवाज न करता रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी जवळ गेलं नाही. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो, त्याच्याकडे न बघता.